पाणबुड्याला काढण्याचे कायदेशीर मार्ग

सर्वात सोपा मार्ग म्हणजे जिना चढून जायचं, त्याची कॉलर धरायची आणि त्याला खाली आणायचं. हा मार्ग कायदेशीर नाही, असं वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं. बाबांचे हात बघून त्यांना सांगावंसं वाटलं असावं. बाबा सुतार आहेत.

"पाणी तोडायचं नाही. वीज तोडायची नाही. तो बाहेर गेल्यावर कुलूप बदलायचं नाही. सामान रस्त्यावर टाकायचं नाही," वकील म्हणाले. त्यांचे खालचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढले होते. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, त्यामुळे माणूस बोलायला लागला की माझी नजर आधी तिथे जाते. शब्द मागाहून ऐकू येतात. बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

"मग करायचं काय?" बाबा.

"कारण शोधायचं. भाडं थकलंय?"

"नाही हो. तेवढं वेळच्या वेळी देतो."

वकिलांचा चेहरा पडला. "पोटभाडेकरू ठेवलाय?"

"मासे ठेवलेत."

"मासे म्हणजे धंदा? विकतो का?"

"कोण घेणार त्याचे मासे!"

*

*वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत व त्या प्रतिवादीच्या ताब्यात आहेत, हे म्हणणे खरे आहे.*

कोर्टात साक्ष अशी लिहितात. आपण बोलायचं, न्यायाधीश ऐकतात, मग टायपिस्टला स्वतःच्या शब्दांत सांगतात, आणि आपलं म्हणणं खरं आहे किंवा खरं नाही एवढंच शिल्लक राहतं. पण कोर्ट पुढे येईल.

खाली बाबांचा कारखाना. त्याच्यामागे स्वयंपाकघर आणि एक खोली, तिथे बाबा आणि आत्या. वर त्या दोन खोल्या, बोळ, न्हाणीघर, आणि पाणबुड्या. हे नाव आत्याने ठेवलं. त्याला स्वतःला 'साहेब' म्हटलेलं आवडायचं, कारण कुठल्याशा कंपनीत तो साहेब होता आणि कंपनीने त्याला मुदतीआधीच घरी पाठवलं होतं. का पाठवलं हे दोन वाक्यं ऐकली की कळायचं. तो स्वतःला 'आम्ही' म्हणायचा.

त्याने वर काचेच्या टाक्या मांडल्या होत्या. तीन भिंतींना लागून, एकीवर एक, लोखंडी मांडणीत. मजला लाकडी. टाक्यांचं पाणी बदलताना तो नळी सोडून फोनवर बोलत बसायचा. पाणी फळ्यांतून गळून खाली बाबांनी रंधा मारलेल्या लाकडावर यायचं. बाबा वर जायचे.

"साहेब, पाणी येतंय खाली."

"मिस्त्री, पाणी खालीच येणार. वर गेलं असतं तर आम्हालाही नवल वाटलं असतं."

आणि हसायचा. दात सगळे स्वतःचे. त्या वयात, एकही कीड नाही. काही माणसांना निसर्ग उगाच जपतो.

*

मी कुठे होते? माळ्यावर. कारखान्याच्या वर अर्ध्या भागात फळ्या ठेवायचा माळा आहे, शिडीने चढायचा. फळ्या एका बाजूला सरकवून माझी गादी टाकली होती. ताठ बसलं की डोकं वाशाला लागतं. सकाळी करवत सुरू झाली की भुसा नाकात. खोकला माझा कायमचा सोबती झाला होता.

मला खोली हवी होती. आत जाऊन कडी लावता येईल अशी. या सगळ्या कोर्टकचेरीचा अर्थ एवढाच. बाकी शब्द वकिलांचे.

"ही कोण?" वकिलांनी पेनाने माझ्याकडे दाखवलं.

"मुलगी."

"लग्न?"

"झालंय की," बाबा म्हणाले. "विश्रांतीला आलीय."

मी विश्रांतीला आलेय हे वाक्य आमच्या घरात इतकं वापरलं गेलं होतं, की भाजीवाली मला "झाली का विश्रांती?" असं विचारायची आणि वजनात मारायची.

वकील म्हणाले, "स्वतःची गरज, हे सर्वात मजबूत कारण. मुलीला राहायला जागा हवी. पण लग्न झालेली मुलगी म्हणजे समोरचा म्हणणार, तिला नवऱ्याचं घर आहे. हिला पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागेल की घर सोडलं. का सोडलं तेही."

"ते नको," बाबा.

"ते नको," मी.

इतकं एकमत आमच्यात माझ्या लग्नाच्या वेळीही नव्हतं.

*

*साक्षीदाराचे पती चांगले आहेत, हे म्हणणे खरे आहे.*

खरंच खरं आहे. विचारा कुणालाही. हात उगारला नाही, बाटली उघडली नाही. बायकोकडे इतकं लक्ष देणारा माणूस नात्यात दुसरा नाही, असं त्याची आई, माझी आत्या आणि सासरची शेजारीण तिघींनी मला वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. तो माझी वाक्यं पुरी करायचा.

"मला ना या खोलीत जरा..."

"उकडतंय," तो म्हणायचा आणि उठून खिडकी उघडायचा.

मला म्हणायचं होतं, जरा एकटीला बसायचंय. पण खिडकी उघडलेली असायची, वारा यायचा, आणि उठून खिडकी उघडणाऱ्या माणसावर चिडणारी बाई कशी दिसते ते मला ठाऊक होतं. असं बरंच साठलं. मला न आवडणारा रंग माझा आवडता झाला. मला न आलेली झोप त्याने सगळ्यांना सांगितली. एके दिवशी मी वाक्य सुरूच केलं नाही, बॅग भरली.

यातलं काय सांगायचं न्यायाधीशांना? खिडकी उघडली म्हणून?

*

तर नुकसान.

"वास्तूचं कायमचं नुकसान," वकील बोटं मोडत म्हणाले. "पाणी मुरून तुळई सडतेय म्हणताय ना? बस्स. फोटो काढा. पण फोटो कुठलेही असू शकतात असं समोरचा म्हणेल, म्हणून कोर्टाकडून पाहणीसाठी कमिशनर नेमून घेऊ. तो येऊन डोळ्यांनी बघेल. तोवर, मिस्त्री, एक काम करायचं."

"काय?"

"काही करायचं नाही."

बाबांना कळलं नाही.

"हात लावायचा नाही. गळू दे, सडू दे. दुरुस्त केलंत की पुरावा गेला."

बाबांनी मान हलवली. लाकडाचा व्यापारी भाव सांगतो तेव्हा हलवतात तशी. म्हणजे ऐकलं एवढंच.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "हा आणि हात लावणार नाही? अगं, उंदीर बीळ करायला लागला तर हा त्याला चौकट बसवून देईल. वर पॉलिश."

"तू गप."

"मी गप. तुळई बोलेल."

तुळई खरोखरच बोलत होती. मोठी टाकी ठेवली होती तिथलं टोक काळं पडलेलं, बोट दाबलं की आत जायचं, ओल्या पावासारखं. मी माळ्यावरून रोज बघायचे. मला ती तुळई फार आवडायला लागली होती. कधी नव्हे ते घरातलं काहीतरी माझ्या बाजूने सडत होतं.

*

कमिशनर.

निवृत्त इंजिनियर. वरची पूर्ण कवळी, कुणीतरी घाईत बनवलेली, 'स' म्हणताना खाली उतरायची. हातात टॉर्च, सोबत दोन्ही वकील. आधी वर गेले. पाणबुड्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. जमीन कोरडी ठणठणीत, टाक्यांखाली रबरी चटया, प्रत्येक टाकीवर माशाचं नाव चिकटवलेलं. पाहणी नव्हे, प्रदर्शनाचं उद्घाटन होतं.

"आम्ही या मजल्याला आमच्या मुलासारखं जपतो," तो म्हणाला. त्याला मूल नव्हतं. ते त्या मुलाचं नशीब.

मग सगळे खाली कारखान्यात आले. मी शिडीपाशी उभी. आता काळं टोक दिसणार, टॉर्च त्याच्यावर पडणार, वकील "नोंद घ्यावी" म्हणणार. मी मनात वर पलंग कुठे ठेवायचा ते ठरवत होते.

टॉर्च फिरला. तुळईवरून गेला, परत आला.

"कुठे आहे नुकसान?"

मी वर बघितलं. काळं टोक नव्हतं. तुळई सलग होती, जुनाट, धुरकट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जशी असायला हवी तशी. मला वाटलं आपण चुकीच्या तुळईखाली उभे आहोत.

आमचे वकील बाबांकडे बघायला लागले. बाबा हसत होते. असं हसताना मी त्यांना क्वचितच बघितलंय, आणि तेव्हा दरवेळी समोर एखादं तयार कपाट होतं.

"होतं साहेब," बाबा म्हणाले. "इथेच होतं. हातभर सडलं होतं."

"मग?"

"आता शोधून दाखवा."

वकिलांनी डोळे मिटले. कमिशनरने चष्मा बदलला. स्टूल मागवलं, वर चढला, बोटाने तुळई चाचपली, टकटक केलं. त्याला जोड सापडेना. बाबा खालून, "आणखी डावीकडे. नाही, गेलात पुढे," असं सांगत होते. शेवटी तो उतरला, हात झटकले.

"उत्कृष्ट काम आहे."

"जुन्या लाकडाचा तुकडा ठेवला होता," बाबा म्हणाले. "काल ही लॅबमधून रात्री येईपर्यंत तिरका कापून बसवला. वर काजळी आणि तेल चोळलं, नवेपणा जावा म्हणून."

"वा!" पाणबुड्या म्हणाला. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या.

कमिशनरने लिहून घेतलं: वास्तू सुस्थितीत.

*

"का? का केलंत?" मी.

"परका माणूस बघायला येणार होता."

"त्याला तेच बघायचं होतं!"

"सुताराच्या घरात सडकी तुळई? कोर्टाचा माणूस लिहून नेणार, कागदावर राहणार. चार लोक काय म्हणतील?"

"चार लोकांनी तेच म्हणायला हवं होतं, बाबा! त्यासाठीच तर बोलावलं होतं!"

"तुला नाही कळायचं."

आत्या पीठ मळत होती. "मला कळतंय. पोरगी माळ्यावर खोकून खोकून मेली तरी चालेल, जोड दिसता कामा नये."

बाबा उठून कारखान्यात गेले. जाताना वर बघितलंच. मला त्यांची कीव आली असती, पण माझ्या छातीत भुसा होता आणि कीव करायला मोकळी हवा लागते. कला वगैरे काही नाही. माणसाला आपण कसे दिसतो याची एवढी हाव असते, की तो स्वतःच्या मुलीचं छप्पर काढून त्याचं शोकेस करील. आणि वर म्हणेल, शोधून दाखवा.

*

उरला तो मार्ग. गरज.

मी म्हटलं, उभी राहते. बाबांना 'नको' म्हणायला तोंड नव्हतं.

साक्षीआधी वकिलांनी मला बजावलं. "दोन्ही खोल्या हव्यात. एक झोपायला, एक कामाला. घरी कवळ्यांचं काम आणायचंय असं सांगा. कमी जागा चालेल असं काही बोलायचं नाही. कायद्यात अशी सोय आहे की थोड्या जागेत गरज भागत असेल तर कोर्ट तेवढीच देतं. लक्षात ठेवा: दोन."

"दोन," मी म्हटलं. मला मूर्ख समजतात की काय, असं वाटलं.

*

*साक्षीदार विवाहित आहे, हे म्हणणे खरे आहे.*

पिंजऱ्याचं लाकूड हलकं होतं. बाबांनी मागच्या बाकावरून ते बघितलं असणार. पाणबुड्याच्या वकिलांचे दात पिवळे पण सरळ.

"पती मारहाण करतात?"

"नाही."

न्यायाधीश टायपिस्टला: "पती मारहाण करतात हे म्हणणे खरे नाही."

"व्यसन?"

"नाही."

"मग घर का सोडलं?"

मी सांगितलं. खिडकी सांगितली. रंग सांगितला, झोप सांगितली. माझं लग्न झाल्यापासून कुणी मला मध्ये न तोडता एवढं बोलू दिलं नव्हतं. टायपिस्टची बोटं हवेत थांबली होती. मागच्या बाकावर बाबा खाली बघत बसले होते. हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

न्यायाधीशांनी थोडा विचार केला. टायपिस्टला म्हणाले: "पतीशी पटत नाही."

टक टक टक. झालं. माझी सगळी खिडकी तीन शब्दांत बसली. हाही माझी वाक्यं पुरी करणाऱ्यांतलाच, मी मनात म्हटलं.

"बरं," समोरचा वकील म्हणाला, आणि आवाज गोड केला. "वडील आणि आत्या खाली एका खोलीत राहतात. दोन माणसं, एक खोली. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तुम्ही एकट्या. तुम्हाला दोन खोल्या कशाला हो? काय करणार काय एकटी बाई दोन खोल्यांत? पाहुणे यायचेत का कुणी?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी बघितलं. पाणबुड्या. सगळे दात दाखवून.

आता, मला काय सांगायचं होतं ते मला तोंडपाठ होतं. एक झोपायला, एक कामाला. सोपी वाक्यं. पण त्या दातांकडे बघितल्यावर माझ्या अंगात काहीतरी ताठ उभं राहिलं. हा माणूस, ज्याला माशांनाही तीन भिंती लागतात, तो मला हावरी म्हणतोय? मला? जी माळ्यावर वाकून कपडे बदलते?

"मला एक खोली पुष्कळ आहे," मी म्हटलं, त्याच्याकडे बघत. "ज्यांना आपला पसारा आवरत नाही, त्यांना दोन लागतात."

काय वाक्य होतं! पाणबुड्याचं तोंड मिटलं. मला क्षणभर एवढं बरं वाटलं, की खोकलासुद्धा थांबला.

"आणखी प्रश्न नाहीत," समोरचा वकील म्हणाला आणि चटकन खाली बसला, चालत्या गाडीत जागा मिळाल्यासारखा.

न्यायाधीश टायपिस्टला: "मला एक खोली पुरेल, हे म्हणणे खरे आहे."

*

बाहेर व्हरांड्यात बाबा म्हणाले, "झकास बोललीस."

वकिलांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मिस्त्री," ते म्हणाले, "मुलगी तुमचीच. कुणाला विचारायला नको."

*

निकाल. मागची खोली आम्हाला, पुढची प्रतिवादीकडे. बोळ आणि न्हाणीघर सामाईक.

मी शिडी उतरले, जिना चढले. खोलीत पलंग, टेबल, खिडकी. कडी आहे. कडी लावून मी पहिल्यांदा ताठ बसले आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून नळीचा गुळगुळ आवाज सुरू झाला. मग दारावर टकटक.

"ताई, न्हाणीघर सकाळी आधी आम्ही वापरतो. पहिल्यापासून तसं आहे."

"पहिल्यापासून घर आमचं आहे."

"अहो, निकालात 'सामाईक' लिहिलंय. वाचून दाखवू?"

आत्या जिन्याखालून ओरडली, "दाखव रे, मग मी लाटणं दाखवते!"

"ऐकलंत?" तो मला म्हणाला. "धमकी. आम्ही आमच्या वकिलांना कळवू."

*

अपिलाची मुदत होती. वकिलांनी बोलावलं. कागद तयार होता, सहीची जागा पेन्सिलने खुणावलेली.

"अपिलात दुसरी खोली मागायची तर ते वाक्य मागे घ्यावं लागेल," ते म्हणाले. "मी लिहिलंय: साक्षीच्या वेळी साक्षीदाराची मनःस्थिती ठीक नव्हती, पतीपासून दुरावल्याच्या धक्क्यामुळे ती..."

"तसं नव्हतं."

"अहो, असं लिहायची पद्धत आहे."

"माज होता. माज लिहा."

"माज असं कोर्टात लिहिता येत नाही."

"पण तेच खरं आहे."

"खरं असलं तरी त्याने खोली मिळत नाही." त्यांनी पेन पुढे केलं. "धक्का बसला होता म्हणालात तर कुणाचं काय बिघडतं? कोर्टाला बाईला धक्का बसलेला चालतो. आवडतो म्हटलं तरी चालेल. सही करा, दुसरी खोली मिळायची बरीच शक्यता आहे."

मी कागद वाचला. माझ्याविषयी फार हळुवार लिहिलं होतं. एवढी बिचारी बाई मला कुठे भेटली असती तर दोन वाक्यांत तिचा कंटाळा आला असता. नवऱ्याला मात्र ती फार आवडली असती. त्याने लगेच खिडकी उघडली असती.

"माझी मनःस्थिती उत्तम होती," मी म्हटलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

"म्हणजे अपील नाही?"

"नाही."

"मग तो माणूस तिथून जाणार कसा?" वकील वैतागले. "कायद्यात आता दुसरा मार्ग नाही."

"मी राहायला गेलेय ना शेजारी," मी म्हटलं. "जाईल."